गिरणगाव ते चाकण : फॉलिक ॲसिडचा इतिहास आणि वेळेचा प्रश्न

गरोदर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचा उगम मुंबईच्या कामगार वस्तीत आहे. १९२८ मध्ये ब्रिटिश संशोधिका डॉ. लुसी विल्स मुंबईत आल्या व हाफकिन संस्थेच्या साहाय्याने त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांमधील गरोदरपणातील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास आरंभिला. रक्तक्षयाचे मूळ त्यांना आहारात आढळले. फळे व भाजीपाला यांची त्यात मोठी उणीव होती. तशाच निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना हाच आजार जडला आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा झाला. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. महागड्या औषधाऐवजी गरिबाला परवडेल असा उपाय हाती लागला, हे या संशोधनाचे सामाजिक मोल होय. अर्कातील अज्ञात द्रव्यास पुढे 'विल्स घटक' म्हटले गेले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळ्या केलेल्या द्रव्याला 'फॉलिक ॲसिड' हे नाव मिळाले आणि १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील अमेरिकेतील चमूने ते कृत्रिमरीत्या तयार केले.

भारतीय शासनाने हे द्रव्य स्वीकारले ते रक्तक्षयावरील औषध म्हणूनच. १९७० च्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते लोहाच्या जोडीने आले. तथापि १९९१ मधील ब्रिटिश चाचणीने त्याचे दुसरे कार्य निर्विवाद सिद्ध केले. आधीचे अपत्य मज्जानलिकेच्या दोषाने बाधित असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून ही गोळी घेतल्यास त्या दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते. मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. बहुतेकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. गिरणगावाप्रमाणेच येथेही बाहेरून आलेली तरुण जोडपी भाड्याच्या खोल्यांत संसार मांडतात. सल्ला देणारी वडीलधारी स्त्री बहुधा गावीच असते. 'ॲनिमिया मुक्त भारत' (२०१८) या कार्यक्रमात गर्भधारणेपूर्वी व पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची शिफारस आहे. मात्र ती नववधूपर्यंत पोहोचवणारी नोंदणी गरोदरपण कळल्यावरच होते आणि लोह-फॉलिकची एकत्रित गोळी तर चौथ्या महिन्यापासून सुरू होते. २०२५ पर्यंत लागू असलेला प्रसूती लाभ अधिनियम १९६१ हाही स्त्रीची दखल घेत असे तो प्रामुख्याने प्रसूतीच्या सुमारास. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या रजेपैकी प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठच आठवडे घेता येतात. कारखान्याच्या दवाखान्यात नवविवाहित कामगार स्त्रीला ही गोळी देण्यास कोणताही कायदा आड येत नाही.