मिसळीचा बदनाम चुलतभाऊ

नेटवर्किंगवाल्या मंडळींना 'प्रॉमिस्क्युअस मोड' माहीत असेलच. एरवी नेटवर्क कार्ड स्वतःच्या नावाचं पॅकेट तेवढं घेतं आणि बाकीची सोडून देतं. वायरशार्क चालू केलं, की समोर येईल ते घ्यायला लागतं. नाव ऐकून नवीन पोरं हमखास फिदीफिदी हसतात, कारण 'प्रॉमिस्क्युअसली' म्हणजे बाहेरख्यालीपणे, एवढंच आपल्याला ठाऊक.

गंमत अशी की कार्डाचा अर्थच मूळचा! लॅटिनमधलं 'मिस्केरे' म्हणजे मिसळणे. संस्कृत 'मिश्र' त्याच कुळातला, म्हणजे आपली मिसळसुद्धा. १७व्या शतकात लोक कुठे 'प्रॉमिस्क्युअसली' बसले, तर त्याचा अर्थ एवढाच की भेद न करता सरमिसळ बसले. मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) गर्दीला हेच विशेषण लावलंय. त्यात चावट काही नाही.

पण सरमिसळ बायका-पुरुषांची असली की लोकांच्या भुवया उंचावतात. १८३७ मध्ये सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या बहिणी मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत फिरत होत्या. दोघी साउथ कॅरोलिनातल्या गुलाम बाळगणाऱ्या घरातल्या, म्हणजे सांगत होत्या ते डोळ्यांनी पाहिलेलं. सुरुवातीला फक्त बायका ऐकायला यायच्या, मग पुरुषही यायला लागले. झालं! 'प्रॉमिस्क्युअस' श्रोत्यांपुढे बाईने बोलायचं म्हणजे काय? तिथल्या पाद्र्यांनी त्याच वर्षी निषेधाचं पत्रकच काढलं.

पुढच्या वर्षी, १६ मे १८३८ ला, अँजेलिना फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया हॉलमध्ये बोलली. बाई-पुरुष एकत्र, काळे-गोरे एकत्र. बाहेरून दगड येत होते, खिडक्या फुटत होत्या, तरी ती बोलत राहिली. दुसऱ्या रात्री जमावाने हॉल जाळला. उद्घाटन होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. बंबवाल्यांनी शेजारच्या इमारतींवर पाणी मारलं, हॉल जळू दिला. वर अधिकृत अहवालात दोष कुणाला? हॉल बांधणाऱ्यांनाच, कारण त्यांनी काळे-गोरे मिसळू दिले!

तेव्हा शब्दाचा अर्थ अजून 'मिश्र'च होता, बरं का. फक्त त्याला वास यायला लागला होता. दुसरीकडे 'प्रॉमिस्क्युअस इंटरकोर्स' हा शब्दप्रयोग रूढच होता (माल्थसच्या १७९८ च्या निबंधातही सापडतो). हळूहळू त्यातला दुसरा शब्द गळाला आणि त्याचा सगळा अर्थ एकट्या पहिल्याच्या गळ्यात पडला. २०व्या शतकात तर तो मुख्यतः बायकांनाच चिकटवला गेला. पुरुषासाठी तेव्हा 'रंगेल' छापाचे, जरा कौतुकाचेच शब्द तयार होते.