रुग्ण आणि रुग्णालयाची वास्तू : पालघर जिल्ह्याच्या निमित्ताने

रुग्णालयांचा इतिहास आपल्याकडे बहुधा वैद्यांचा, औषधांचा अथवा दानशूर संस्थापकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्या वास्तूत रुग्ण निजतो ती या इतिहासात कोनशिलेपुरतीच डोकावते. 23 एप्रिल 2021 रोजी पहाटे तीनच्या सुमारास विरार येथील विजय वल्लभ रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील अतिदक्षता विभागात आग लागली. विभागातील 17 कोविडग्रस्त रुग्णांपैकी किमान 13 जण दगावले. इमारतीतील इतर रुग्ण बचावले. आगीचा उगम वातानुकूलन यंत्रात असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ज्यांची शुश्रूषा सर्वांत अधिक निगुतीने होत होती तेच मृत्युमुखी पडले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

सव्वाशे वर्षे मागे गेल्यास चित्र अगदी निराळे दिसते. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि बांबू, चटया व झापे यांच्या तात्पुरत्या इस्पितळांची गर्दी उसळली. पुण्यानजीक सावित्रीबाई फुले यांनी ज्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी देह ठेवला, ते प्लेगचे रोगीही गावाबाहेरच्या माळावरच होते. या झोपड्या पावसात गळत, वाऱ्याने उडत, ठिणगी पडली तर पेटत. वास्तू म्हणून त्या टाकाऊच होत्या. परंतु रोगी त्यांवर फारसा अवलंबून नव्हता. चौघांनी खाट उचलली की तो उघड्यावर येई. पुढे ती झोपडी जाळून टाकली तरी उपचारांत खंड पडत नसे. कारण उपचार म्हणावे असे फारसे काही नव्हतेच, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पक्क्या रुग्णालयांची घडण त्या काळी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विचारांनी प्रभावित झालेली होती. 1859 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात त्यांनी एकमेकींपासून सुट्या, समोरासमोर खिडक्या असलेल्या लांबट दालनांचा पुरस्कार केला. दूषित हवेने रोग पसरतो ही त्यामागची उपपत्ती पुढे जंतुशास्त्राने मागे सारली. उपपत्ती चुकली, पण वास्तू चुकली नव्हती! एका दालनातील संकट दुसऱ्यात शिरू न देणे हा त्या रचनेचा गुण उपपत्तीबरोबर विस्मृतीत गेला, आणि शहरी जागेच्या टंचाईने त्यावर शिक्कामोर्तब केले.

मधल्या काळात कृत्रिम श्वसनयंत्र आले, भिंतीतून नळाने प्राणवायू आला, खिडक्या बंद होऊन वातानुकूलन आले. वास्तू आता रुग्णाचे नुसते छप्पर राहिली नाही. ती त्याच्या फुप्फुसाचा भाग झाली. विरारच्या आगीपूर्वी दोनच दिवस, 21 एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्याच दिवशी 22 रुग्ण दगावले. तेथे आग नव्हती, भिंत कोसळली नव्हती. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशुकक्षात आग लागली तेव्हा कक्षात 17 बालके होती. एका दालनातील सात वाचली, दुसऱ्यातील दहा गेली. दोन्हींमध्ये होती ती केवळ एक भिंत.

कायद्याची तजवीज नव्हती असे नाही. खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यान्वये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावे लागते. पण प्रमाणपत्र यंत्रणेविषयी बोलते. श्वसनयंत्राला जोडलेला रुग्ण पहाटे तीन वाजता कोणी, किती वेळात, कोठे हलवावयाचा, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. खाटेसह त्याच मजल्यावरील, आगीपासून विलग अशा शेजारच्या भागात न्यावे, असा मार्ग आधुनिक वास्तुसंहिता सुचविते. नाइटिंगेलबाईंची सुटी दालने अशा रीतीने मागील दाराने परत आली आहेत.

वास्तू निकामी झाल्याने होणारी दुसरी हानी मृतांच्या आकड्यात मोजली जात नाही. 17 डिसेंबर 2018 रोजी अंधेरीच्या कामगार रुग्णालयास आग लागली आणि विमाधारक कामगारांची तेथील आंतररुग्ण सेवा दीर्घकाळ बंद पडली. मुंबईत दुसरे रुग्णालय निदान शोधता तरी येते. घिवली, उच्छेळी, दांडी या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्तीतील अत्यवस्थ रुग्णाला मात्र आधी बोईसर गाठावे लागते, आणि तेथे भागले नाही तर पालघर, विरार किंवा मुंबई. या साखळीतील एखादी इमारत बंद पडली की रुग्णाचा प्रवास तेवढा लांबतो.

आणि ही भूमीही स्थिर नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरातील लोकांनी थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. धडधाकट माणसाला घर सोडून अंगणात निजता येते. 1969 पासून याच पट्ट्यात चाललेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात एक यंत्रणा निकामी झाली तर दुसरी हाताशी असावी, हे रचनेचे मूलतत्त्वच आहे. त्या केंद्राच्या कुंपणाबाहेरील रुग्णालयांना ते अद्याप कोणी लागू केलेले नाही.

26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भुजचे सरकारी रुग्णालय, जखमींची रीघ लागण्याच्या घटकेलाच, कोसळले. उपचार उघड्या मैदानात करावे लागले. त्याच जागी 2004 मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीच्या पायात रबर व शिसे यांच्या उशा बसविल्या आहेत. जमीन हलली तरी वरच्या मजल्यावरील खाटेला तिचा हिसका कमी बसावा, एवढ्यासाठी.