स्केचबुकचं कूळ

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. 1790च्या नोव्हेंबरात तिथल्या गेंड्याचं चित्र गंगाराम चिंतामण तांबट याने समोर पाहून काढलं. आडनावच सांगतं की कूळ तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचं. मराठी मुलखात एखादी वस्तू, प्राणी किंवा जागा समोर ठेवून कागदावर उतरवणारे जे चित्रकार नावानिशी सांगता येतात, त्यांत हा अगदी सुरुवातीचा. स्केचबुक आपल्याकडे कुठून आलं, असं कुणी विचारलं तर मी या माणसापासून सुरुवात करतो.

त्याआधी इथे चित्रं नव्हती असं मुळीच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्या कागदांवर रंगवून त्यांच्या पोथ्या बांधत आणि एकेक चित्र पुढे धरून कथा सांगत. त्यांचा हात पक्का होता. पण त्या चित्रातलं झाड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेलेलं झाड. अमुक वाटेवरचं, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं असं ते नव्हे. मूर्तिकारांचंही तेच. सूत धरायचं, गेरूने दगडावरच आखायचं आणि छिन्नी लावायची. पाठ असलेल्या गोष्टीला वही कशाला लागते?

वही लागली ती हिंडणाऱ्यांना. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात चित्रकारांची अशी पिढी आली, जिला डोंगर, ढग, पडके बुरूज हेच चित्राचे विषय वाटू लागले. त्यात देव किंवा राजा असलाच पाहिजे असं त्यांना वाटेना. त्यांना रोमँटिक म्हणतात. डोंगर काही चित्रकाराच्या घरी येत नाही आणि त्यावरचं ऊन घटकाभरही तसंच राहत नाही. तेव्हा निघायचं आणि दिसेल ते तिथेच टिपायचं. इंग्लंडचा टर्नर (1775–1851) यातला सगळ्यांत मोठा. खिशात मावतील अशा लहान वह्या घेऊन तो वर्षानुवर्षं फिरला. त्याच्यामागे राहिलेल्या सुमारे 300 वह्या आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहेत. 1819 मध्ये नेपल्सला असताना त्याचं म्हणणं असं होतं, की उघड्यावर रंग लावायला फार वेळ जातो. तेवढ्यात पेन्सिलीने पंधरा-सोळा रेखाटनं होतात. म्हणून त्याच्या वह्यांत बहुतेक ठिकाणी नुसती रेषा आहे. रंग मागाहून, मुक्कामी किंवा घरी. पण एका वहीत त्याने पानामागून पान आभाळच रंगवलं आहे, जमीन जवळजवळ नाहीच. शिवलेल्या वहीचं मोल मला इथे कळतं. सुटे कागद हवे तसे मागेपुढे लावता येतात. वहीत ढग ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने राहतात.

यामागे कारागिरीही आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. जलरंग पूर्वी स्वतः खलून करावे लागत. लंडनच्या रीव्ज बंधूंनी त्यांच्या घट्ट रंगवड्या केल्या आणि 1781 मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना त्याबद्दल चांदीची पॅलेट दिली. वडी ओल्या कुंचल्याने चोळली की रंग तयार, डबी खिशात. जेम्स व्हॉटमनच्या गिरणीतला एकसारख्या पोताचा कागद त्याआधीच आला होता. 1795 मध्ये फ्रान्समध्ये काँते याने ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भाजली. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना, म्हणून हा खटाटोप. मातीचं प्रमाण कमीजास्त केलं की पेन्सिल कडक किंवा मऊ होते. आपली मुलं दुकानात 'फोर बी द्या' म्हणतात, त्याचं मूळ हे.

कागद तर आपल्याकडेही उत्तम होत होता. जुन्नरी कागद होता, दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा होता. पण तो गुळगुळीत घोटलेला, बोरू अडखळू नये म्हणून. लिहिण्याला तो फार चांगला; पाण्याचा सपाट हात द्यायला तो अवघड. शिवाय आपल्या दफ्तरांत कागद सुटे राहत आणि रुमालात बांधले जात.

अशा पुण्यात 1786 मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून आला. त्याच्या बोलावण्यावरून जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1792 मध्ये आला. वेल्सने सवाई माधवरावांचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढलं. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि आधीपासून चित्रं काढणारा गंगाराम तिथे आणखी तयार झाला. कार्ल्याची आणि वेरुळची लेणी त्याने जागेवर जाऊन काढली. लेण्यात काम करणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत अंधार. खांब मोजावे तर मागचे खांब पुढच्यांत मिसळतात. त्या अंधारात खांब, कोनाडे, मूर्ती यांचा हिशेब ठेवून रेषा ओढणं ही मोठी साधना आहे.

वेल्स 1795 मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने 1803 मध्ये वेरुळचा चित्रग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकात वेल्सचं नाव आहे, गंगारामाचं नाही. मॅलेटने सोबत नेलेली गंगारामाची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. मला याचं वाईट वाटतं. आणि ती तिथे टिकली, याचं समाधानही वाटतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं. तिथल्या ग्रिफिथ्स या शिक्षकाने 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करवल्या. त्याच शाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिले. तळं हाच विषय, आणि तो पुरेसा, हे मराठी चित्रकलेत त्यांनी ठामपणे उभं केलं.

अशी वही घेऊन आज कुठे जावं? उदाहरणादाखल वेळापूर घ्या. माळशिरस तालुक्यातल्या या गावात अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन मंदिर आहे. शके 1222 चा, म्हणजे इसवी सन 1300 चा, रामदेवरावांच्या काळातला मराठी शिलालेख इथला आहे. देवळासमोर कुंड आहे, आवारात वीरगळ आहेत. रोमँटिक चित्रकार ज्यासाठी समुद्र ओलांडून आले, ते जुनं काळं दगडी काम, पाणी आणि मोकळं आभाळ, सगळं एका ठिकाणी. गावातली मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात आणि स्मरणचित्राचा पेपर वर्गात बसून देतात. परीक्षा हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्केचबुक हे हिंडण्यातून जन्मलेलं आहे. ते बाकावर उघडून दोन डोंगरांमधला सूर्य काढायचा, हे त्याच्या कुळाला शोभत नाही.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते. गाव जवळ आलं की उतारावरून वारकरी धावा करतात, टाळ-पताका सांभाळत पळत सुटतात. तेव्हा रंगाची डबी काढून उपयोग नाही. नेपल्समध्ये टर्नर म्हणाला तेच इथे खरं: पेन्सिल, आणि पळणाऱ्या माणसाचा नुसता कल. धोतराच्या चुण्या नंतर आठवून काढता येतात. शरीर कुठल्या बाजूला झुकलं होतं ते आठवत नाही.

सुरुवात करणाऱ्याने मात्र वीरगळ घ्यावा, कारण तो हलत नाही. सकाळच्या तिरक्या उन्हात बसावं. दुपारच्या उन्हात काळ्या दगडावरचं कोरीव काम सपाट दिसतं. पान उभं धरावं आणि वीरगळ जसा वाचतात तसाच खालून वर काढत जावा: तळाच्या पट्टीत लढाई आणि पडलेला वीर, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. झिजलेले चेहरे मनाने पुरे करू नयेत. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ घालावी, आणि जमलं नाही म्हणून पान फाडू नये.