शय्याव्रण

शय्याव्रण म्हणजे शरीराच्या एकाच भागावर दीर्घकाळ दाब राहिल्याने त्वचेला व तिच्याखालील ऊतींना होणारी इजा. यास दाबव्रण किंवा बेडसोअर असेही म्हणतात. बेशुद्ध, पक्षाघात झालेल्या, मज्जारज्जूला इजा झालेल्या व खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांना याचा धोका अधिक असतो. बहुतांश शय्याव्रणे योग्य शुश्रूषेने टाळता येतात. शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, तर शुश्रूषेचा दोष असतो, असे मत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच मांडले होते.

कारणे

निरोगी मनुष्य झोपेतही नकळत कूस बदलतो; अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ते शक्य नसते. हाड व गादी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि प्राणवायूअभावी ऊती मृत होतात. माकडहाडाजवळचा भाग, खुबे, टाचा, घोटे व डोक्याची मागील बाजू येथे ही इजा विशेषतः आढळते. घर्षण, मलमूत्राचा ओलावा, कुपोषण व मधुमेह यांमुळे धोका वाढतो.

टप्पे

१. त्वचा अखंड, परंतु बोटाने दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा
२. त्वचेचा वरचा थर निघणे किंवा फोड येणे
३. त्वचेखालील चरबीपर्यंत जखम
४. स्नायू किंवा हाडापर्यंत जखम

पहिल्या टप्प्यात व्रण नसतोच. म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने ‘दाबव्रण’ऐवजी ‘दाबजन्य इजा’ ही संज्ञा स्वीकारली. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे उष्णता, कठीणपणा, वेदना व सभोवतालच्या त्वचेपेक्षा वेगळा रंग यांकडे लक्ष द्यावे लागते.

प्रतिबंध

* त्वचेची रोज तपासणी करणे.
* कूस नियमित बदलणे. दर दोन तासांनी बदलण्याचा प्रघात आहे. रुग्णाच्या स्थितीनुसार हे अंतर ठरवतात.
* कुशीवर पूर्ण न वळवता पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवणे.
* पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे.
* रुग्णाला न ओढता चादरीसह उचलून सरकवणे.
* त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवणे. पुरेशी प्रथिने व पाणी देणे.

हवेच्या गादीमुळे दाब विभागला जातो. तथापि ती वापरली तरी कूस बदलावीच लागते.

टाळावयाच्या गोष्टी

लाल झालेल्या जागी मालिश केल्याने आतील ऊतींना अधिक इजा होते. मधोमध भोक असलेली रबरी उशीही वापरू नये. तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा रोखतो.