अस्तर

माझे अब्बा शिंपी होते. बार्शीच्या पेठेत त्यांचं छोटंसं दुकान होतं. कोट शिवायला आला की वरच्या कापडाआधी ते अस्तर हातात घेऊन बघत. ‘वरचं कापड लोकांसाठी, अंगाला लागतं ते अस्तर,’ असं म्हणत.

१९९१च्या थंडीत पहाटेच्या नमाजाआधी त्यांच्या छातीत दुखू लागलं. दरदरून घाम यायचा. दहा मिनिटांत सारं थांबायचं, आणि मग दिवसभर ते मशीन चालवत. दवाखान्यात दिवसा ईसीजी काढला, त्यात काही निघालं नाही. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ‘अब्बा, गॅस असेल, ओवा खा,’ असं मीच म्हणालो. फेब्रुवारीत ते गेले.

मी कवी माणूस. काळजावर पुष्कळ लिहिलं. ते चालतं कसं, हे मात्र त्यानंतर वाचू लागलो.

लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये डॉक्टरांपुढे या दुखण्याचं वर्णन वाचलं. चालताना, विशेषतः चढावर, छाती आवळते; थांबलं की मोकळी होते. पुढे शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या कठीण झालेल्या, आतून अरुंद झालेल्या दिसल्या. त्यावरून एक चित्र पक्कं झालं. धमनी म्हणजे नळ, आणि चरबी म्हणजे त्यात साचलेला गाळ. श्रम केले की रक्त कमी पडतं आणि दुखतं.

पण विसाव्यात, पहाटे, अंथरुणात दुखतं त्याचं काय? गाळ काही रात्री वाढून सकाळी कमी होत नाही. अमेरिकेतल्या मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये अशाच रुग्णांविषयी लिहिलं. धमनी मधूनच आवळत असावी, असं त्यांनी सुचवलं. पुढे १९७०च्या दशकात धमन्यांची चित्रं घेताना डॉक्टरांना ती आवळलेली प्रत्यक्ष दिसली. म्हणजे धमनी हा निर्जीव नळ नव्हता. तिच्या भिंतीत स्नायू होता, आणि तो आवळत होता, सैल पडत होता.

त्याला सैल पड असं सांगतं कोण? याचं उत्तर एका चुकीतून मिळालं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीवर प्रयोग करत. अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने तिच्या पट्ट्या आवळतात, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. १९७८ मध्ये सहायकाकडून प्रयोगाच्या पायऱ्या चुकल्या, आणि त्याच जातीच्या रसायनाने धमनीचा तुकडा आवळण्याऐवजी सैल पडला. फर्चगॉट यांनी ती चूक टाकून दिली नाही, तिचा माग काढला. तेव्हा कळलं, की पट्ट्या कापताना आतली बाजू घासली जायची आणि पेशींचा एकपदरी थर निघून जायचा. तो थर शाबूत असला तर धमनी सैल पडे. नसला तर आवळे. मग त्यांनी अस्तर असलेली पट्टी बिनअस्तराच्या पट्टीला आतल्या बाजूने चिकटवली. बिनअस्तराची पट्टीही सैल पडली! अस्तरातून काहीतरी स्नायूकडे जात होतं. १९८०च्या त्या शोधनिबंधानंतर काही वर्षांतच ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला.

हे वाचताना मला अब्बांचा अस्तरावर फिरणारा हात आठवला.

१९८६ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी माणसांच्या हृदयधमन्यांत अ‍ॅसिटिलकोलीन सोडून पाहिलं. निरोगी धमन्या रुंदावल्या. चरबीचे थर धरलेल्या धमन्या आवळल्या, थर किरकोळ होते तिथेही. चरबी अस्तराखाली शिरली की तिथे दाह होतो, अस्तराचा वायू कमी पडतो, आणि तोच निरोप थेट स्नायूला भिडून त्याला आवळतो. म्हणजे नळ तुंबण्याच्या कितीतरी आधी अस्तर बिघडलेलं असतं.

जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनचं कोडंही यातून सुटलं. विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये त्याचा उपयोग जाहीर केला होता. ते शरीरात तोच वायू मोकळा करतं. अस्तराची वाट बघत नाही. याच स्फोटक द्रवापासून डायनामाइट करणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या काळात हृदयासाठी डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. नशिबाची ही थट्टा त्यांनी मित्राला पत्रातून कळवली होती. १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना या वायूच्या शोधासाठी पारितोषिक मिळालं, ते नोबेल यांच्याच नावाचं.

मी डॉक्टर नाही. अब्बांच्या धमनीत काय घडलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. एवढं मात्र समजलं, की पहाटेचं दुखणं दिवसा थांबलं म्हणून खोटं ठरत नाही. घरातलं कुणी पहाटे छातीवर हात ठेवून बसलं, तर ओव्याची बरणी शोधू नका. तडक दवाखान्यात घेऊन जा.