मसाले मिसळणारी कर्णधार

फुटबॉल खेळणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगणार, असं आम्ही गटाच्या बैठकीत म्हटलं, तर पहिला प्रश्न आला, "खेळायचे पैसे मिळायचे का हो तिला?" प्रश्न अगदी नेमका आहे. म्हणून आजची गोष्ट पैशाच्या अंगानेच सांगू.

ही बाई दक्षिण आफ्रिकेची, नाव डिझिरे एलिस. जन्म १९६३ चा, केपटाऊन शहरातला. तेव्हा तिथे गोऱ्यांचं राज्य होतं. कुणी कुठल्या वस्तीत राहायचं, कुठल्या शाळेत शिकायचं, हे कातडीच्या रंगावरून ठरायचं. या वर्णभेदामुळे फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने त्या देशाला बाहेर ठेवलं होतं. डिझिरे गल्लीत पोरांबरोबर खेळून तयार झाली, पुढे बायकांच्या क्लबांतून खेळली. पण देशासाठी खेळायचं तर देशाचा संघच नव्हता! विशीतली उमेदीची वर्षं अशीच गेली.

१९९२ मध्ये देशाला फिफाची दारं उघडली आणि १९९३ च्या मे महिन्यात बायकांचा संघ पहिला सामना खेळला, तेव्हाच्या स्वाझीलँडविरुद्ध. आफ्रिकेने १४-० असा जिंकला. त्यातले तीन गोल डिझिरेताईंचे. वय तीस. आपल्याकडे तिशीत बाईला सगळे म्हणतात, आता काय राहिलंय तुझं.

आता पैशाचं ऐका. ताई तेव्हा मांसाच्या धंद्यात मसाले मिसळायचं काम करत होत्या. देशासाठी खेळायला गेल्या आणि ती नोकरी गेली. खेळाचा पगार नाही, कामाचा होता तोही गेला. तरी त्या खेळत राहिल्या, कर्णधार झाल्या. २००२ पर्यंत देशासाठी ३२ सामने खेळल्या.

मग त्या प्रशिक्षक झाल्या. २०१६ मध्ये राष्ट्रीय संघ हाती आला, पण हंगामी म्हणून. कायम व्हायला २०१८ उजाडलं. मानधनावर राबणाऱ्या आपल्या अंगणवाडीताईंना हे वेगळं सांगायला नको. आफ्रिका खंडाच्या स्पर्धेत हा संघ पाच वेळा अंतिम सामन्यात हरला होता. २०२२ मध्ये मोरोक्कोला त्यांच्याच घरी २-१ हरवून पहिल्यांदा चषक आणला. दोन्ही गोल हिल्डा मगाया हिचे.

खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. २०२३ च्या विश्वचषकाला निघायच्या तोंडावर बोट्सवानाशी सराव सामना होता. मैदान इतकं टणक, की पाय मोडून बसायची भीती. शिवाय विश्वचषकासाठी महासंघ काय देणार, हे करारात लिहिलेलं नव्हतं. खेळाडू म्हणाल्या, आधी लिहून द्या. आणि त्या मैदानात उतरल्याच नाहीत! महासंघाने घाईघाईत दुसऱ्या मुली गोळा केल्या, त्यात एक तर तेरा वर्षांची. तो संघ ५-० हरला. पुढे एका खासगी प्रतिष्ठानने पैसे दिले आणि तोडगा निघाला. देशाचं नाव खराब केलं, असं कुणी म्हणेलही. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या संघाच्या कर्णधाराची खेळापायी नोकरी गेली, त्या संघातल्या मुलींनी तीस वर्षांनी लेखी मागितलं, तर काय चुकलं?

मुली विश्वचषकाला गेल्या. स्वीडनकडून हरल्या, अर्जेंटिनाशी बरोबरी झाली. शेवटचा सामना इटलीशी, आणि तो जिंकायलाच हवा होता. नव्वद मिनिटं संपली तरी २-२. मग ९२व्या मिनिटाला थेंबी कगाटलाना हिने गोल मारला. दक्षिण आफ्रिकेचा कुठलाच मोठा संघ, पुरुषांचा असो की बायकांचा, तोवर विश्वचषकाच्या बाद फेरीत गेला नव्हता. डिझिरेताई तेव्हा साठ वर्षांच्या होत्या.

बाद फेरीत नेदरलँड्सने त्यांना हरवलं. पण बैठकीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. गटफेरी खेळणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ३० हजार डॉलर, बाद फेरीत पोचली तर ६० हजार, असं फिफाने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे थेंबीच्या त्या एका गोलाने संघातल्या प्रत्येकीचा वाटा दुप्पट झाला.