काळे दात, गोंदलेले हात

सन १८७३ च्या मार्च महिन्यात जपानच्या सम्राज्ञीने दात काळे करण्याची आणि भुवया काढून टाकण्याची चाल सोडली. आज ही वार्ता वाचून कोणासही हसू यावे. परंतु त्या काळी ती लहान गोष्ट नव्हती. शेकडो वर्षे या देशात कुलीन स्त्रीचे, आणि पुढे सामान्य घरांतील विवाहितेचेही, दात शाईसारखे काळेभोर असणे हेच सौंदर्याचे लक्षण मानले जात असे. सरदारवर्गाने ही चाल बंद करावी, अशी सरकारी आज्ञा १८७० सालीच सुटली होती. आज्ञेपेक्षा राजवाड्यातील उदाहरणाचे वजन अधिक पडते, हा अनुभव सर्वत्र एकच आहे.

आपणां मराठी माणसांस याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील दातवण म्हणजे हीच गोष्ट होय. आपल्या खापरपणज्यांच्या काळी सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत. रसायनही एकच. जपानी स्त्री लोखंडाचे तुकडे आंबट पाण्यात मुरवून ते पाणी तुरट चूर्णाबरोबर दातांस लावी. आपल्याकडे हिराकस आणि हिरड्यासारखी तुरट द्रव्ये लागत. लोह व तुरटपणा यांचा संयोग झाला की काळा रंग धरतो. जुन्या काळची शाईदेखील अशीच होई. मग हे सौंदर्य लोपले कसे? पाश्चात्त्य प्रवाशांस ते काळे दात किळसवाणे वाटले, आणि त्या राष्ट्रांच्या पंक्तीस बसू पाहणाऱ्या नव्या राज्यकर्त्यांनी त्यांचाच डोळा उसना घेतला. आजीचे भूषण नातीस लाजिरवाणे वाटू लागण्यास फार काळ जावा लागला नाही.

गोंदणाची कथा याहून दुःखद आहे. होक्काइदोमध्ये ऐनू स्त्रिया ओठांभोवती गोंदून घेत. त्यावाचून मुलगी लग्नास योग्य झाली असे मानीत नसत. १८७१ साली त्यास मनाई झाली. १८७२ मध्ये राजधानीत गोंदणे गुन्हा ठरले, आणि १८९९ मध्ये ओकिनावातील स्त्रियांच्या हातांवरील गोंदणही निषिद्ध झाले. १९४८ साली बंदी उठली खरी, पण लोकांच्या मनातून ती उठली नाही, कारण तोवर गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडला गेला होता. आपल्या तोयोसुत मासळीबाजाराशेजारी २०२४ पासून हाकोने व युगावाराहून आणलेल्या उष्ण पाण्याची स्नानाची सोय झाली आहे. अशा स्नानगृहांपैकी पुष्कळ ठिकाणी गोंदलेल्यांस प्रवेश नसतो. गावाकडून नातवंडांस भेटावयास आलेल्या एखाद्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन असते, हनुवटीवर ठिपके असतात. सारे दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी तिची श्रद्धा. त्याच हातापायी दारात का थांबावे लागते, हे तिला कोणत्या शब्दांत सांगावे?

दात आणि गोंदण ही निदान माणसाने केलेली कृती. कातडीचा रंग तर जन्माचा. गोरेपणा सात दोष झाकतो, अशी जपानी म्हण आहे. आपण तिला हसू नये, कारण आपल्या वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द शिक्षणाच्याही आधी येत आला आहे. आणि हे कोणत्या समाजात? ज्याचे दैवत पंढरपुरी काळ्या पाषाणात उभे आहे आणि ज्याने त्याला लाडाने ‘सावळा’ म्हटले, त्या समाजात! जपान्यांच्या घरी सुबत्तेचा देव म्हणून पूजला जाणारा दाइकोकुतेन हा मूळचा आपला महाकाल. त्याच्या नावाचा अर्थच ‘महाकृष्ण’.

मी येथील शाळांतच शिकलो. माझ्या लहानपणी रंगखडूंच्या पेटीत एका खडूवर ‘हादाइरो’, म्हणजे ‘त्वचेचा रंग’, असे छापलेले असे. तो खडू फिकट पीचफळासारखा होता, आणि आईचे चित्र काढताना तो हाती घेतला की आई ओळखू येत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस कारखानदारांनी ते नाव टाकले. आता त्यावर ‘उसुदाइदाइ’, फिकट नारिंगी, असे असते. तरीही माझ्या वर्गातील मुले त्यास अजून कधी कधी जुन्याच नावाने मागतात. गेल्या वर्षी एका मराठी मुलीने तो पेटीत परत ठेवला, तपकिरी खडू उचलला, आणि कागदावर आपल्या आजीचा चेहरा सावकाश रंगविला. हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके तिने सर्वांत शेवटी दिले.